गर्भधारणेआधीची गोळी : फोलिक ॲसिडचा आढावा

फोलेट हे ब गटातील नववे जीवनसत्त्व. पेशी दुभंगताना तिच्यातील डीएनए नव्याने घडवावा लागतो, आणि त्या घडणीला लागणारे कार्बनचे लहान लहान तुकडे पोचवण्याचे काम फोलेट करते. म्हणून शरीरात जिथे पेशी झपाट्याने वाढतात तिथे त्याची गरज सर्वाधिक असते : रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेत, आतड्याच्या अस्तरात आणि गर्भात. अन्नातून मिळते ते फोलेट. गोळीत असते ते फोलिक ॲसिड, म्हणजे त्याच जीवनसत्त्वाचे कारखान्यात तयार केलेले, अधिक टिकाऊ रूप.

मूल होऊ देण्याचे ठरवलेल्या प्रत्येक स्त्रीने गर्भधारणेच्या आधीपासून पहिले बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाचाही सल्ला आहे. बाळाच्या मेंदू आणि पाठीच्या कण्यातील गंभीर जन्मजात व्यंगांपैकी बरीच या एका स्वस्त गोळीने टळतात. वैद्यकशास्त्रात इतक्या थोड्या खर्चात इतके संरक्षण देणारे उपाय फार नाहीत. मात्र हे संरक्षण वेळेवर अवलंबून आहे, आणि बहुतेकदा चुकते ती वेळच.

पहिले अठ्ठावीस दिवस

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडील पेशींचा एक चपटा पट्टा तयार होतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि मध्यभागी जुळून एक नळी बनते. हीच न्यूरल ट्यूब, म्हणजे चेतानलिका. तिच्या वरच्या भागातून मेंदू आणि खालच्या भागातून मज्जारज्जू घडतो. ही नळी गर्भधारणेपासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पूर्ण मिटते.

वरचे टोक उघडे राहिले तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी तयारच होत नाही. या व्यंगाला अनेन्सेफली म्हणतात. अशी बाळे पोटातच किंवा जन्मानंतर काही तासा-दिवसांत दगावतात. खालचा भाग उघडा राहिला तर स्पायना बायफिडा होतो. त्यात पाठीच्या कण्यात फट राहते आणि मज्जारज्जू व त्याची आवरणे बाहेर येऊ शकतात. अशी मुले जगतात, पण अनेकांच्या पायांत बळ नसते, लघवी-शौचावर ताबा राहत नाही, मेंदूत पाणी साठते आणि ते काढण्यासाठी नळी बसवावी लागते. पाठीवरची शस्त्रक्रिया जन्मानंतर लगेच झाली तरी नंतरचे उपचार आयुष्यभर चालतात आणि त्यांचा भार साऱ्या कुटुंबावर पडतो.

या व्यंगांची वेळ पाळीच्या हिशेबात मांडली की गोळी आधीपासूनच का घ्यायची ते स्पष्ट होते. पाळी अठ्ठावीस दिवसांनी नियमित येत असेल तर गर्भधारणा साधारण चौदाव्या दिवशी होते. पाळी चुकते तेव्हा गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. आठवडाभर वाट पाहून चाचणी केली तर तो तीन आठवड्यांचा होतो, आणि आणखी आठवड्याने डॉक्टरांकडे गेल्यास नळी मिटण्याचा काळ संपलेला असतो. ‘दिवस गेले’ हे कळल्यावर सुरू केलेली गोळी आईच्या रक्तासाठी उपयोगी असते, पण चेतानलिकेसाठी ती बहुधा उशिराची ठरते.

परळपासून लिव्हरपूलपर्यंत

या जीवनसत्त्वाच्या इतिहासाची सुरुवात मुंबईत झाली. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज वैद्यक संशोधक परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. मुंबईतील गरीब आणि गिरणीत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये तेव्हा एक तीव्र रक्तक्षय आढळत असे. त्यात लाल पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या होत, आणि अनेक स्त्रिया दगावत. विल्स यांनी या स्त्रियांच्या आहाराची पाहणी केली, प्राण्यांवर प्रयोग केले आणि यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्यावर हा रक्तक्षय बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधला तो अज्ञात घटक काही वर्षे ‘विल्स घटक’ याच नावाने ओळखला गेला.

१९४१ मध्ये अमेरिकेत हर्शेल मिचेल, एस्मंड स्नेल आणि रॉजर विल्यम्स यांनी पालकाच्या ढिगातून तो वेगळा काढला आणि लॅटिनमधील ‘फोलियम’, म्हणजे पान, या शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हे नाव दिले. पुढे न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत मूळचे आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने ते कृत्रिमरीत्या तयार केले. याच गटाने बनवलेली फोलेटविरोधी औषधे रक्ताच्या कर्करोगावर वापरली जाऊ लागली. १९५० च्या दशकात त्यांपैकी अमिनोप्टेरिन गरोदरपणी घेतलेल्या स्त्रियांच्या गर्भांत व्यंगे आढळली. फोलेटची वाट अडवली की गर्भाची घडण बिघडते, याचा हा मोठा इशारा होता.

१९६० च्या दशकात लिव्हरपूलमध्ये एलिझाबेथ हिबर्ड आणि रिचर्ड स्मिथेल्स यांनी चेतासंस्थेची व्यंगे असलेली बाळे जन्माला घातलेल्या मातांमध्ये फोलेटची प्रक्रिया बिघडलेली असते, असे दाखवले. स्मिथेल्स यांनी पुढे अशा स्त्रियांना पुढच्या गर्भधारणेआधीपासून जीवनसत्त्वे दिली आणि व्यंगांचे प्रमाण घटल्याचे १९८० मध्ये मांडले. परंतु त्या अभ्यासात गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रिया चिठ्ठी टाकून निवडलेल्या नव्हत्या. स्वतःहून गोळी घेणाऱ्या स्त्रिया एरवीही अधिक सुस्थितीतल्या असू शकतात, हा आक्षेप उरलाच.

निर्णायक पुरावा

तो आक्षेप ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने मिटवला. निकोलस वाल्ड यांच्या मार्गदर्शनाखाली सात देशांतील ३३ केंद्रांत, आधीच्या गर्भात असे व्यंग झालेल्या १,८१७ स्त्रियांची यादृच्छिक गटांत विभागणी झाली. निष्कर्ष हाती आलेल्या १,१९५ गर्भधारणांत २७ गर्भांना व्यंग होते. त्यांपैकी ६ रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेणाऱ्या गटांतले आणि २१ ते न घेणाऱ्या गटांतले. धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. इतर जीवनसत्त्वांचा मात्र असा गुण दिसला नाही. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरलेल्या मुदतीआधी थांबवून निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची अशीच चाचणी १९८८ पासून सुरू होती. ब्रिटिश निष्कर्ष आल्यावर तीही थांबवण्यात आली. तिच्यात व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण जीवनसत्त्वे घेणाऱ्या गटात २.९२ टक्के, तर न घेणाऱ्या गटात ७.०४ टक्के आढळले. स्त्रियांची संख्या लहान असल्याने संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक थोडक्यात अपुरा पडला, पण त्याची दिशा तीच होती.

हे सारे पुनरावृत्तीविषयी झाले. पण अशी बहुतेक बाळे ज्या घरांत जन्मतात तिथे याआधी असे काहीच घडलेले नसते. त्या घरांसाठीचे उत्तर हंगेरीतून आले. अँड्र्यू झाइझेल यांच्या १९९२ च्या चाचणीत ०.८ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड असलेली बहुजीवनसत्त्व गोळी घेणाऱ्या गटातील २,१०४ गर्भधारणांत एकही व्यंग झाले नाही. तुलनेच्या गटातील २,०५२ मध्ये ६ झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने गर्भधारणा होऊ शकणाऱ्या सर्व स्त्रियांना रोज ४०० मायक्रोग्रॅमची शिफारस केली.

केवळ ४०० मायक्रोग्रॅम पुरतात का, याची मोठी परीक्षा चीनमध्ये झाली आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. सुमारे अडीच लाख स्त्रियांच्या या अभ्यासात गोळी गर्भधारणेच्या काळात नीट घेणाऱ्यांमध्ये व्यंगांचे प्रमाण उत्तर चीनमध्ये दर हजारी ४.८ वरून १.० वर, तर दक्षिणेत १.० वरून ०.६ वर आले. जिथे प्रमाण मुळात जास्त, तिथे लाभही जास्त. भारतातील पाहण्यांच्या एकत्रित आढाव्यांत हे प्रमाण दर हजार जन्मांमागे चार ते साडेचारच्या आसपास येते. म्हणजे उत्तर चीनचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे.

किती, केव्हापासून, किती दिवस

सर्वसाधारण धोका असलेल्या स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम, पुरतात. भारतात औषधाच्या दुकानात सर्रास मिळते ती ५ मिलिग्रॅमची गोळी. ती या मात्रेच्या बारापटीहून मोठी आहे. म्हणून गोळी घेताना वेष्टनावरचा आकडा वाचावा आणि मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

४ किंवा ५ मिलिग्रॅमची मोठी मात्रा ठरावीक स्त्रियांसाठी आहे. आधीच्या गर्भात चेतानलिकेचे व्यंग झालेले असणे हे तिचे सर्वांत ठाम कारण. पती-पत्नींपैकी कोणाला स्वतःला किंवा जवळच्या नात्यात असे व्यंग असणे, आधीपासूनचा मधुमेह आणि फिट्सवरची औषधे ही ब्रिटनच्या मार्गदर्शनातील इतर कारणे. सिकलसेल आजार आणि थॅलेसेमियाही त्या यादीत आहेत. विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांतील सिकलसेलग्रस्त स्त्रियांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. इतरांसाठी ही मोठी मात्रा पहिल्या बारा आठवड्यांपुरतीच असते आणि त्यानंतर कमी केली जाते; सिकलसेल आणि थॅलेसेमियात मात्र ती गरोदरपणभर चालू ठेवतात.

फिट्सच्या रुग्णांबाबत आणखी सावधगिरी लागते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या बाळांत स्पायना बायफिडाचे प्रमाण शंभरात एक ते दोन इतके असते, आणि फोलिक ॲसिडने हा धोका पूर्ण पुसला जात नाही. म्हणून औषध बदलता येईल का, हे मूल ठरवण्याआधी तज्ज्ञांना विचारावे. स्वतःहून औषध थांबवणे मात्र घातक ठरू शकते. संधिवात किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते औषधच फोलेटविरोधी आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुरेसे आधी बंद करून मगच गर्भधारणेचा विचार करावा.

सुरुवात किमान महिनाभर आधी व्हावी, दोन-तीन महिने मिळाले तर अधिक चांगले. त्याचे कारण रक्तात आहे. लाल पेशीत फोलेट भरले जाते ते पेशी तयार होताना, आणि पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. त्यामुळे साठा हळूहळू चढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लाल पेशींतील फोलेटची पातळी दर लिटरमागे ९०६ नॅनोमोलच्या वर असावी असे सांगितले. ही पातळी समाजाच्या पाहणीसाठी आहे, प्रत्येक स्त्रीने ती तपासून घेण्याची गरज नाही. तांबी काढण्याचे किंवा गर्भनिरोधक गोळ्या थांबवण्याचे ठरले की फोलिक ॲसिड सुरू करणे ही सोपी खूण. गोळी दिवसातून कोणत्याही वेळी चालते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेण्याचे कारण नाही. आणि गर्भ अनपेक्षित राहिला, गोळी घेतलेली नव्हती, तरी कळल्या दिवसापासून ती सुरू करावी. अशा वेळी धास्तीही बाळगू नये : गोळी न घेतलेल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळेही निकोप जन्मतात.

ताटातले फोलेट

मेथी, पालक, चवळीची पाने, हरभरा, मूग, मसूर, चवळी, शेंगदाणे, संत्री ही मराठी घरातली फोलेटची ठेव आहे. पण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते. भाजी चिरून मग धुतली, उकळून पाणी ओतून दिले, तासन्‌तास गरम ठेवली, की त्यातला मोठा वाटा जातो. शिवाय अन्नातले फोलेट गोळीतल्या फोलिक ॲसिडइतके सहज शोषले जात नाही. अन्नासोबत घेतलेले ०.६ मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड हे अन्नातल्या १ मायक्रोग्रॅम फोलेटच्या बरोबरीचे धरतात. भाजी आधी धुऊन मग चिरणे, झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवणे आणि डाळीचे पाणी न टाकणे या सवयी सर्वांनाच हिताच्या. तरीही गर्भाला हवी ती पातळी केवळ आहारातून खात्रीने गाठणे कठीण. म्हणून चांगला आहार आणि गोळी दोन्ही हवीत.

ब-१२ची जोड

फोलेट एकट्याने काम करत नाही. पेशीत त्याला पुन्हा वापरात आणण्यासाठी ब-१२ लागते. ते कमी पडले की फोलेट एका निरुपयोगी रूपात अडकून राहते. भांडार भरलेले असूनही हाती काही लागत नाही. ब-१२ फक्त प्राणिजन्य अन्नातून मिळते, आणि शाकाहारी किंवा मांसाहार क्वचित करणाऱ्या भारतीय कुटुंबांत त्याची कमतरता अत्यंत व्यापक आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील माता आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास चालवला आहे. त्यात सुमारे दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये ब-१२ कमी आढळले, तर नेहमीच्या निकषाने फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हती. ज्या मातांचे फोलेट अधिक पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला जुमानत नसल्याची लक्षणे जास्त होती, असे २००८ मध्ये त्यांनी मांडले. आयर्लंडमधल्या २००९ च्या अभ्यासातही ब-१२ कमी असलेल्या मातांत चेतानलिकेच्या व्यंगाचा धोका सुमारे अडीच ते तीन पट दिसला.

यातून फोलिक ॲसिड टाळावे असा अर्थ मुळीच निघत नाही. अर्थ असा की आपल्याकडे या गोळीला ब-१२ची जोड हवी. दूध, दही, अंडी, मासे यांचा आहारात समावेश, आणि काटेकोर शाकाहारी स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ची तपासणी व पूरक मात्रा, ही तयारी फोलिक ॲसिडसोबतच व्हावी. आणखी एक कारण : फोलिक ॲसिडच्या मोठ्या मात्रेने ब-१२च्या अभावाचा रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहू शकते. प्रौढांनी कारणाशिवाय रोज १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फोलिक ॲसिड घेऊ नये, ही मर्यादा त्यासाठीच आखली गेली.

सरकारी योजना आणि मधली फट

२०१८ पासूनच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात किशोरवयीन मुलींना आणि प्रजननक्षम वयातील स्त्रियांना आठवड्याला एक लोह-फोलिक ॲसिडची गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. गरोदर स्त्रियांना तीच मात्रा चौथ्या महिन्यापासून रोज, १८० दिवस दिली जाते. रक्तक्षयासाठी हा कार्यक्रम मोलाचा आहे, पण चेतानलिकेचा हिशेब त्यात जुळत नाही. रोज ४०० म्हणजे आठवड्याला २,८०० मायक्रोग्रॅम. साप्ताहिक गोळीतून मिळतात ५००. जागतिक आरोग्य संघटनेने साप्ताहिक गोळीत २,८०० मायक्रोग्रॅमच सुचवले आहेत. आणि रोजची गोळी सुरू होते तेव्हा नळी मिटून दोन महिने उलटलेले असतात.

गर्भधारणेआधी आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅम घेण्याचा सल्ला याच कार्यक्रमाच्या मार्गदर्शनात आहे. तो अमलात येत नाही याचे कारण आरोग्यव्यवस्थेची आणि स्त्रीची पहिली भेट. गरोदरपणाची नोंदणी बाराव्या आठवड्याच्या आत व्हावी असे उद्दिष्ट असते. ते पूर्ण गाठले तरी चेतानलिकेच्या दृष्टीने ही भेट उशिराचीच. उत्तर मात्र व्यवस्थेच्या हाताशी आहे. गावात नवे लग्न झाले की आशाताईंच्या पात्र जोडप्यांच्या नोंदीत ते येते. त्याच भेटीत, आणि पाळणा लांबवण्याची साधने थांबवण्याच्या वेळी, फोलिक ॲसिडची गोळी हाती दिली तर फट भरते. घरातल्या सासू आणि पतीपर्यंत ही माहिती पोचली पाहिजे, कारण ‘अजून काही नाही, मग गोळ्या कशाला’ हा प्रश्न तिथेच विचारला जातो.

पीठ आणि तांदळाची वाट

अनेक गर्भधारणा ठरवून होत नाहीत, म्हणून काही देशांनी जीवनसत्त्व रोजच्या अन्नातच मिसळले. अमेरिकेने जानेवारी १९९८ पासून समृद्ध केलेल्या धान्यपिठात दर १०० ग्रॅममागे १४० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घालणे सक्तीचे केले. कॅनडात याच सुमारास सुरुवात झाली आणि तिथले व्यंगांचे प्रमाण दर हजारी १.५८ वरून ०.८६ वर, म्हणजे ४६ टक्क्यांनी खाली आले. स्त्रियांना वेगळे काहीच करावे लागले नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा अन्नसमृद्धीला गती देण्याचा ठराव केला.

भारतात रेशनवर समृद्ध तांदूळ दिला गेला. त्यात लोह आणि ब-१२सोबत फोलिक ॲसिडही असते, पण मानकानुसार किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या स्त्रीला त्यातून १५ ते २५ मायक्रोग्रॅम मिळतात. अमेरिकेतील पिठात किलोमागे १,४०० असतात. तेव्हा हा तांदूळ खाल्ला म्हणून गोळीची गरज संपत नाही.

शंका आणि मर्यादा

फोलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅमच्या मात्रेत दीर्घकाळ वापरले गेले आहे आणि सुरक्षित मानले जाते. चीनच्या मोठ्या अभ्यासात त्यामुळे गर्भपात किंवा जुळी वाढल्याचे आढळले नाही. मोठ्या मात्रेबाबत मात्र संयम हवा. फिट्स असलेल्या मातांनी मोठी मात्रा घेतल्यास मुलांतील कर्करोगाशी संबंध असू शकतो, असे उत्तर युरोपातील २०२२ च्या एका अभ्यासाने सुचवले. तो पाहणीतून दिसलेला संबंध आहे, कार्यकारणाचा निकाल नव्हे. गरज नसताना ५ मिलिग्रॅम महिनोन्‌महिने घेऊ नयेत, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

काहींच्या शरीरात फोलेट वापरणाऱ्या एमटीएचएफआर या विकराचे जनुक थोडे वेगळे असते. अशांसाठी मिथाइलफोलेटच्या महाग गोळ्या सुचवल्या जातात. व्यंग टळल्याचा चाचण्यांतला पुरावा मात्र साध्या फोलिक ॲसिडचा आहे, आणि असे जनुक असलेल्या स्त्रियांतही ते रक्तातील फोलेट वाढवते. जनुकतपासणीची वाट पाहत गोळी लांबवू नये.

शेवटची मर्यादा म्हणजे हे संरक्षण संपूर्ण नाही. ब्रिटिश चाचणीत गोळी घेऊनही ६ गर्भांना व्यंग झाले. आनुवंशिकता, मधुमेह, स्थूलपणा, गरोदरपणाच्या आरंभीचा तीव्र ताप आणि काही औषधे ही कारणे फोलेटच्या आवाक्यात पूर्णपणे येत नाहीत. म्हणून गोळी घेतली तरी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफीने बाळाच्या अवयवांची तपासणी करून घ्यावी. आणि असे बाळ जन्मलेच तर दोष आईच्या माथी मारू नये; पुढच्या खेपेसाठी तिला मोठ्या मात्रेची गोळी, ब-१२ची तपासणी आणि तज्ज्ञांचा सल्ला गर्भधारणेच्या आधी मिळावा.